गाडी हातात देण्याआधी: एटीव्हीचे ट्रॅक चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एटीव्ही आणि साइड-बाय-साइड (म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या, स्टिअरिंगच्या) गाड्या भाड्याने देणारे, त्यांचे ट्रॅक चालवणारे आणि तिथे गिऱ्हाइकाला गाडी समजावून देणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

मी एटीव्ही, म्हणजे मातीत आणि खडबडीत जमिनीवर चालवायची, हॅन्डलची चारचाकी गाडी, चालवायला शिकवतो. तुमच्या ट्रॅकवर येणाऱ्यांपैकी बरेचजण आयुष्यात पहिल्यांदाच अशा गाडीवर बसत असतात. त्या क्षणी गाडीची माहिती असलेला तिथला एकमेव माणूस म्हणजे तुम्ही, किंवा तुम्ही नेमलेला मुलगा. म्हणून हे पत्र चालवणाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

गाडी देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. गिऱ्हाईक फॉर्मवर सही करतं, हाताला लागेल ते हेल्मेट डोक्यावर चढवतं आणि मुलगा पुढे होऊन सांगतो, "हा गॅस, हा ब्रेक. हॅन्डल घट्ट धरा. घाबरू नका, चार चाकं आहेत, पडत नाही." मिनिटभरात गाडी सुटते. या एवढ्याशा सूचनेतल्या दोन गोष्टी सरळसरळ चुकीच्या आहेत आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिच्यात नाहीच.

आधी "घट्ट धरा" बद्दल. एटीव्हीचा गॅस सहसा मोटरसायकलसारखा मूठ पिळून द्यायचा नसतो, उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबून द्यायचा असतो. घाबरलेला माणूस मूठ आवळतो आणि मुठीबरोबर अंगठाही आवळला जातो. गाडी खड्ड्यात आदळली की अंग पुढे फेकलं जातं, अंगठा आणखी दाबला जातो आणि जिथे वेग कमी व्हायला हवा तिथेच गाडी उसळी मारते. नवशिका सरळ कुंपणात किंवा झाडात घुसतो तेव्हा "ब्रेक लागला नाही" असं सांगतो. खरं म्हणजे त्याचा अंगठाच सुटलेला नसतो. म्हणून हॅन्डल नीट धरा, कोपरं सैल ठेवा आणि काहीही गडबड वाटली की पहिल्यांदा अंगठा वर उचला, असं सांगा. नुसतं सांगून भागत नाही. उभ्या, बंद गाडीवर बसवून अंगठा दाबायला आणि उचलायला लावा, मग इंजिन सुरू करा.

आता "चार चाकं आहेत, पडत नाही" बद्दल. ही गाडी अरुंद असते, जमिनीपासून उंच असते आणि माणूस तिच्या आत नाही, वर बसतो. गाडीचं वजन साधारण दोनशे ते साडेतीनशे किलो. वर बसणारा सत्तर-ऐंशी किलोचा. म्हणजे एकूण वजनाचा साधारण सहावा ते चौथा हिस्सा गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला असतो आणि तोच तेवढा हलवता येतो. तो हिस्सा योग्य वेळी योग्य बाजूला गेला तर गाडी जमिनीला धरून राहते. तो पोत्यासारखा एका जागी बसून राहिला तर वळणावर, चढावर किंवा आडव्या उतारावर गाडी पलटी होते आणि ते दोनशे-तीनशे किलो अंगावर येतात. एटीव्हीवर जीव जातो तो पुष्कळदा पडल्यामुळे नव्हे, गाडीखाली दबून श्वास कोंडल्यामुळे. हाड न मोडताही माणूस जातो, कारण छातीवरचं ओझं वेळेत उचलायला जवळ कोणी नसतं.

तेव्हा सूचनेत नसलेली ती गोष्ट ही: एटीव्ही नुसत्या हॅन्डलने चालवता येत नाही, ती अंगाने चालवावी लागते. कार चालवणाऱ्याला हे ठाऊक नसतं, कारण कारमध्ये तो पट्ट्याने बांधलेला असतो. मोटरसायकल चालवणाऱ्याला अर्धंच ठाऊक असतं, आणि ते अर्धं कधीकधी जास्त धोक्याचं ठरतं.

हे मी माझ्या डोक्यातून काढून सांगत नाही. होंडाने 1970 साली तीन चाकांची यूएस 90 अमेरिकेच्या बाजारात आणली आणि तिथून या गाड्यांचं वेड पसरलं. तीनचाकी पलटी होऊन इतकी माणसं, आणि त्यात इतकी मुलं, मेली की शेवटी 1988 साली तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आणि सरकारने कंपन्यांशी करार केला. त्या करारानुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबली. 2008 सालच्या कायद्याने तर नव्या तीनचाकी आयात करण्यावर आणि विकण्यावरच बंदी आली. पण 1988 च्या करारात आणखी एक अट होती, तिच्याकडे लक्ष द्या: गाडी विकत घेणाऱ्याला कंपनीने चालवण्याचं प्रशिक्षण मोफत द्यायचं. चौथं चाक बसवून प्रश्न मिटणार असता तर ही अट घालायची गरजच नव्हती. तिथला एटीव्हीचा मूळ अभ्यासक्रम साधारण अर्ध्या दिवसाचा असतो, तोही प्रत्यक्ष गाडीवर. स्वतःची गाडी असलेला माणूस, जो ती रोज हळूहळू ओळखत जाणार आहे, त्याला अर्धा दिवस. आणि तासाभरासाठी अनोळखी गाडी घेणाऱ्याला एक मिनिट. अर्धा दिवस तुम्हाला परवडणार नाही हे मला समजतं. मी दहा-पंधरा मिनिटं आणि एक सपाट मोकळी जागा मागतो आहे. त्यात काय शिकवायचं ते पुढे लिहितो.

सगळ्यात आधी पाय. दोन चाकांची सवय असलेला माणूस गाडी जरा कलली की पाय खाली टेकवतो. वर्षानुवर्षांची सवय असते ती, मेंदूला विचारून होत नाही. एटीव्हीवर तो पाय फूटरेस्टवरून सुटतो, जमिनीला टेकतो आणि मागून येणाऱ्या चाकाखाली सापडतो. चाक टाच पकडतं, मग पोटरी, आणि माणूस गाडीच्या मागच्या बाजूला ओढला जातो. म्हणून प्रत्येकाला विचारा, "मोटरसायकल चालवता का?" उत्तर हो आलं तर त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. सपाट जागेत गाडी अगदी हळू चालवायला लावून वळवा आणि त्याचे पाय बघत राहा. एकदा जरी पाय सुटला तरी थांबवा आणि पुन्हा करायला लावा. चार चाकांची गाडी उभी असताना पाय टेकायची गरज नसते, आणि ती चालती असताना पायाने सावरत नाही.

मग वळण. इथे गाडीची रचना समजावून सांगितली तर लोकांच्या चटकन लक्षात येतं. कार वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी; दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी व्यवस्था कारमध्ये असते. पुष्कळशा एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असतात, दोन्ही तेवढ्याच गतीने फिरतात. त्यामुळे हॅन्डल वळवलं तरी गाडी सरळ जायला बघते. नवशिक्याला वाटतं, वळत नाही. तो हॅन्डल आणखी वळवतो, आणि घाबरून थोडा गॅसही देतो. तेवढ्यात पुढची चाकं जमीन पकडतात, गाडी झटक्यात आत वळते आणि ताठ बसलेलं अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. आतली दोन चाकं उचलली जातात. पुढचं सांगायला नको.

हे टाळण्याची रीत साधी आहे, पण शरीराला नवी आहे. वळणाआधीच गॅस सोडून वेग कमी करायचा. सीटवर थोडं पुढे सरकायचं, खांदे आणि डोकं वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं आणि भार मात्र बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा. त्याने आतलं मागचं चाक हलकं होतं, जरासं घसरू शकतं आणि गाडी सहज फिरते. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. चार कोन (रस्त्यावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू) मांडून इंग्रजी आठचा आकडा करायला लावा. पहिल्या दोन फेऱ्यांत माणूस लाकडासारखा बसलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याचे खांदे आपोआप आत झुकायला लागतात आणि तुम्हाला लांबूनही दिसतं की आता याला कळलं. ते दिसेपर्यंत त्याला ट्रॅकवर सोडू नका.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. सगळ्या गाड्यांचे ब्रेक सारखे नसतात. कुठे उजव्या हाताला पुढचा आणि पायाशी मागचा, कुठे एकाच लिव्हरने चारही चाकांना लागतो. "हा ब्रेक" म्हणून बोट दाखवण्याऐवजी त्या विशिष्ट गाडीवर कुठला ब्रेक कुठल्या चाकाला लागतो ते सांगा. का, ते चढावर कळतं.

चढाचा विषय मी जास्त लांबवणार आहे, कारण माणूस तिथे सगळ्यात एकटा असतो. चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. सीटवर पुढे सरकायचं. चढ उभा असेल तर फूटरेस्टवर उभं राहून छाती हॅन्डलच्या वर आणायची. तिरकं न जाता सरळ चढायचं. गॅस एकसारखा द्यायचा, कारण मधेच जोरात दाबला तर पुढची चाकं उचलली जातात. माथ्याजवळ वेग कमी करायचा, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. इतकं बरेच मार्गदर्शक सांगतात. जे क्वचितच कोणी सांगतं ते हे: अर्ध्या चढावर गाडी दमली, थांबली आणि मागे यायला लागली तर काय करायचं?

न शिकलेला माणूस अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतो. एक म्हणजे जोरात गॅस. चाकं जमीन पकडतात आणि गाडी पुढून उचलून मागे उलटते. दुसरी म्हणजे पायाशी असलेला मागचा ब्रेक दाबून टाकणं. गाडी मागे घरंगळत असते तेव्हा मागची चाकं उताराच्या बाजूला असतात. नेमकी तीच एकदम थांबली की बाकीची गाडी त्यांच्यावरून फिरून येते, चालवणाऱ्यासकट. म्हणून मागे यायला लागल्यावर अंग चढाच्या दिशेला पुढे ठेवायचं, गॅसला हात लावायचा नाही, पुढचा ब्रेक हळूहळू आवळत न्यायचा आणि गाडी थांबल्यावरच मागचा लावायचा. एकाच लिव्हरची गाडी असेल तर तो लिव्हर हळूहळू दाबत जायचं. मग पार्किंग ब्रेक. तोंड सरळ चढाकडे असेल तर कुठल्याही एका बाजूने, गाडी तिरकी झाली असेल तर चढाच्या बाजूने उतरायचं. गाडी हातात राहत नाही असं वाटलं तर तिला सोडून चढाच्या दिशेला दूर व्हायचं. गाडी वाचवण्याच्या नादात माणसं खाली सापडतात, आणि ते तुमच्या फॉर्ममुळेही होतं. "गाडीचं नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागेल" हे ठळक अक्षरांत छापलेलं वाचून गेलेला माणूस गाडी सोडायला धजावत नाही. ते वाक्य ठेवायचं तर ठेवा. पण त्याच्या आधी तोंडाने सांगा की अशा वेळी गाडी जाऊ द्या, तुमच्याकडून काही घेणार नाही. आणि खरंच घेऊ नका.

हे शिकवायला डोंगर लागत नाही. दोन माणसांच्या उंचीचा मातीचा उतार पुरतो. त्यावर मुलाने आधी स्वतः करून दाखवायचं: मधे थांबणं, ब्रेक धरणं, उतरणं. मग शेजारी उभं राहून गिऱ्हाइकाकडून एकदा करून घ्यायचं. ज्या ट्रॅकवर हा सराव शक्य नाही, त्या ट्रॅकवर चढच ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

उताराला याच्या उलट: अंग मागे, हात सैल, गॅस पूर्ण बंद, खालचा गिअर आणि ब्रेक थोडा थोडा. इथे तुमच्या मुलाला एक गोष्ट माहीत हवी. काही ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गॅस सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, काहींमध्ये गाडी मोकळी सुटते. आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे गिऱ्हाइकाला उतारावर कळू नये, वर उभं असताना कळावं.

आडव्या उतारावर, म्हणजे एक बाजू वर आणि एक खाली असताना, अंग वरच्या बाजूला झुकवायचं, दोन्ही पाय मात्र फूटरेस्टवरच. गाडी कलते असं वाटलं आणि खाली मोकळी जागा असेल तर हॅन्डल उताराकडे वळवायचं. ते शक्य नसेल तर वरच्या बाजूला उतरायचं. ऑस्ट्रेलियात 11 ऑक्टोबर 2021 पासून सर्वसाधारण वापराची नवी क्वाड बाइक (एटीव्हीला तिथे असं म्हणतात) विकायची तर ती बाजूला 28.81 अंशांपेक्षा कमी उतारावर दोन चाकांवर येता कामा नये असा नियम आहे. हा आकडा स्थिर उभ्या गाडीचा आहे. चालत्या गाडीच्या वरच्या चाकाखाली दगड आला किंवा खालचं चाक खड्ड्यात गेलं तर ती त्याच्या कितीतरी आधी उलटू शकते. माझ्या मते नवशिक्यांच्या ट्रॅकवर आडवा उतार नसावा. असेल तर तो फावड्याने सपाट करून घ्यावा.

त्याच नियमात नव्या गाडीला मागे संरक्षक चौकट बसवणंही बंधनकारक केलं आहे. गाडी उलटली तर ती पूर्ण खाली बसू नये, माणसाला श्वास घ्यायला आणि बाहेर सरकायला जागा राहावी, हा तिचा हेतू. काही मोठ्या कंपन्यांना हे मान्य झालं नाही आणि त्यांनी तिथल्या बाजारातून क्वाड बाइक काढून घेतल्या. त्या वादात मी चौकटीच्या बाजूने आहे, भाड्याच्या गाड्यांच्या बाबतीत तर नक्कीच. तुमचं गिऱ्हाईक रोज नवं असतं, रोज शिकाऊ असतं. जुन्या गाडीलाही अशी चौकट बसवता येते. पुढच्या वेळी रंगरंगोटीवर खर्च करण्याआधी याचा विचार करा.

आता मागे बसणाऱ्यांबद्दल. एकट्याने चालवायच्या एटीव्हीची सीट लांब असते, म्हणून ती दोघांची आहे असा समज होतो आणि तुमच्यापैकी अनेकजण तो होऊ देतात. ती लांबी चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून असते. मागे माणूस बसला की चालवणारा मागे सरकूच शकत नाही, वजन मागच्या चाकांच्याही मागे जातं आणि चढावर गाडी उलटण्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते. मागचा माणूस वळणावर घाबरून उलट्या बाजूला झुकतो तो वेगळाच. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही असतात, त्यांची चाकं एकमेकांपासून लांब असतात, मागच्याला वेगळी सीट आणि धरायला कडी असते. बाकी कुठल्याही गाडीवर दोघं नकोत. पुढे टाकीवर लहान मूल बसवून बापाने एक फेरी मारायची, हे तर अजिबात नको. फोटो कितीही छान येत असला तरी नको.

मुलांच्या बाबतीत अमेरिकेत वर्षानुवर्षं चालत आलेला दंडक असा: 90 सीसीच्या वरची गाडी 16 वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. आता तिथे मुलांच्या गाड्यांचे वयोगट कमाल वेगावरून ठरतात आणि किमान वय गाडीवरच्या लेबलवर छापलेलं असतं. ते लेबल कित्येक ठिकाणी खरवडून काढलेलं मी पाहिलं आहे. ते परत लावा आणि त्यावरचं वय पाळा. मुलगा उंच आहे, सायकल छान चालवतो, घरी बुलेटवर पुढे बसतो, ही कारणं इथे लागू होत नाहीत. तीस-पस्तीस किलोचं मूल तीनशे किलोच्या गाडीवर कितीही झुकलं तरी गाडीला त्याचा पत्ता लागत नाही. मुलांच्या गाड्यांना अंगठ्याच्या गॅसपाशी एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की गॅस ठरावीक मर्यादेपुढे दाबला जात नाही. इंजिन बंद करणारी दोरीही असते, जिचं एक टोक मुलाच्या अंगाला अडकवतात. दोन्ही वापरा. दोरी तुटली असेल तर नवी लावेपर्यंत गाडी बाजूला ठेवा. आणि मूल चालवत असताना मोठ्या माणसाने नजर ठेवायची असते. त्याने स्वतः दुसरी गाडी घेऊन पुढे निघून जायचं नसतं.

टायरच्या हवेबद्दल थोडं बारकाईने सांगतो, कारण इथे तुमच्याच गॅरेजमध्ये चूक होते. कारच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असते. एटीव्हीच्या टायरला बहुतेक वेळा चार-पाचच लागते. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. कारची हवा मोजायच्या गेजवर चार आणि तीन यांतला फरक धड दिसतही नाही. पण चारच्या जागी तीन म्हणजे पाव हिस्सा हवा गेली. एका बाजूच्या टायरमध्ये एवढी कमी असली तर गाडी त्या बाजूला ओढते, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. उलट एखाद्याने कारच्या अंदाजाने भरून ठेवली तर टायर दगडासारखा कडक होतो, प्रत्येक खड्ड्यावर उसळतो आणि पकड सोडतो. कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं. ते घ्या आणि रोज सकाळी, गाड्या थंड असताना, चारही चाकं मोजा. त्याच वेळी गॅसची पट्टी दाबून सोडून बघा: हॅन्डल डावीकडे पूर्ण वळवून, उजवीकडे पूर्ण वळवून, दोन्ही वेळा ती झटकन परत आली पाहिजे. चिखल-धुळीने केबल अडकते, आणि अडकलेला गॅस घेऊन माणूस ट्रॅकवर गेला तर त्याला कितीही शिकवलेलं असो, उपयोग नाही. मग ब्रेक, दिवे, तेल, चेन, चाकांचे नट. सवय झाली की गाडीमागे फार वेळ लागत नाही.

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर एटीव्ही नेऊ देऊ नका. मऊ जमिनीसाठी बनवलेला टायर कडक रस्त्याला अनपेक्षितपणे पकडतो. जे मागचं चाक घसरून गाडी वळते ते घसरतच नाही, आणि गाडी कलते. शिवाय समोरून येणारी वाहनं. ऑफिसपासून ट्रॅकपर्यंतचा रस्ता डांबरी असेल तर गाड्या तुमच्या मुलांनी तिकडे नेऊन ठेवाव्यात.

साइड-बाय-साइड गाड्यांना वर पिंजरा असतो, स्टिअरिंग असतं, पट्टे असतात. तिथे अंगाने चालवायचा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. पिंजरा पट्टा लावलेल्यालाच वाचवतो. पट्टा न लावलेला माणूस गाडी उलटताना अर्धा बाहेर येतो आणि तो पिंजराच त्याच्यावर पडतो. पट्टा लावलेलेही गाडी कलली की सहज हात बाहेर काढून जमीन अडवायला बघतात आणि हात चिरडला जातो. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाला हात कुठे ठेवायचा ते दाखवा: चालवणाऱ्याचे स्टिअरिंगवर, शेजारच्याचे कडीवर. ज्याची पाठ सीटला टेकल्यावर पाय गाडीच्या तळाला पुरत नाहीत, ते मूल त्या सीटवर बसायच्या मापाचं नाही. बाजूची जाळी किंवा दार असेल तर ते बंद करूनच गाडी सोडा. फोटोत अडथळा येतो म्हणून काढून ठेवू नका. या गाड्याही वळणावर उलटतात. 2009 साली यामाहाने रायनो या गाडीची विक्री काही काळ थांबवून मागच्या चाकांना स्पेसर (चाकं बाहेर सरकवणारा तुकडा) बसवायचा आणि मागचा अँटी-स्वे बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) काढायचा निर्णय अमेरिकी सुरक्षा आयोगाबरोबर घेतला, तो पलटी होण्याच्या प्रकारांमुळेच.

हेल्मेटबद्दल इतकंच की ते मापाचं हवं, आणि हनुवटीचा पट्टा तुमच्या मुलाने स्वतः तपासावा. डोकं हलवल्यावर आत फिरणारं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. समोर काच नसेल तर गॉगल द्या. पुढच्या गाडीने उडवलेला एक खडा डोळ्यात गेला की दोन्ही हात चेहऱ्याकडे जातात. घोटा झाकणारे बूट, लांब बाही. मोकळे लोंबणारे कपडे आणि स्कार्फ फिरत्या भागात ओढले जातात, ते निघण्याआधी आत खोचून घ्या. चपला घालून आलेल्यासाठी बुटांचे चार-सहा जोड ठेवायला हरकत नसावी.

ट्रॅकवर सगळ्यांची दिशा एकच असावी. पुढच्याची धूळ खाली बसल्याशिवाय मागच्याला सोडू नये. गट असेल तर पुढे एक आणि शेवटी एक जाणता माणूस असावा, आणि शेवटच्याजवळ गाडी उचलायची पट्टी आणि संपर्काचं साधन असावं. दबलेल्या माणसाकडे मदत काही मिनिटांतच पोचावी लागते. तुमच्या ट्रॅकच्या सगळ्यात लांबच्या वळणावर गाडी उलटली तर तिथे कोण, किती वेळात, कशाने पोचणार, हे एकदा घड्याळ लावून करून बघा.

राहता राहिला नकाराचा प्रश्न. दारू प्यायलेल्याला गाडी नाही, यावर वाद नसावा. पण ज्याला सपाट जागेत आठ काढता येत नाही, ज्याचा पाय सुटायचा थांबत नाही, जो मुलाचं ऐकूनच घेत नाही, त्यालाही गाडी देऊ नका. पैसे परत करा, किंवा त्याला साइड-बाय-साइडमध्ये तुमच्या माणसाशेजारी बसवून फिरवून आणा. हा नकार द्यायचा अधिकार गाडी हातात देणाऱ्या मुलाला द्या. आज तो मुलगा फेऱ्यांच्या संख्येवर कमाई करतो, त्यामुळे कोणालाही थांबवणं म्हणजे त्याचंच नुकसान. ही पगाराची पद्धत तुम्हीच ठरवली आहे आणि तुम्हीच बदलू शकता.

या हंगामापुरतं माझं मागणं एवढंच आहे: एक सपाट जागा, चार कोन, एक बुटका मातीचा उतार आणि प्रत्येक नव्या माणसामागे दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या मुलांना हे शिकवायला मी तयार आहे, मोबदला न घेता. दोन दिवस पुरतील. गाड्या तुमच्या, जागा तुमची, वेळ तुम्हाला सोयीची. आधी गेज तेवढं आणून ठेवा.

आपला,
एटीव्ही शिकवणारा एक प्रशिक्षक